निर्माल्याचे वाफे आणि रानडुकरांचा खोकला

या हिवाळ्यात तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, तुझी गांडुळं कशी आहेत?" मी म्हटलं, "इथे थंडी फार आहे," आणि लगेच तुमच्या शाळेचं विचारलं. ते उत्तर नव्हतं. माझ्या वर्गात कोणा मुलीने असं केलं असतं तर मी तिला खरं उत्तर येईपर्यंत उभं ठेवलं असतं. म्हणून आता सगळं क्रमाने लिहिते.

दिवाळीनंतर मी तुम्हाला फोनच्या कॅमेऱ्यातून जे वाफे दाखवले, ते गंगेच्या पलीकडे आहेत. रेती संपते आणि बाभळी व सरपताचं उंच गवत सुरू होतं, तिथे. ते तिथे का, हे तेव्हा सांगायचं राहिलं. काशीत, दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीतली मराठी घरं बहुतेक पूजापाठाची. रोज प्रत्येक घरातून टोपलीभर निर्माल्य निघतं: झेंडू, बेल, दूर्वा, तुळस. देवाला वाहिलेल्या फुलांवर पाय पडू द्यायचा नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. पूर्वी लोक ती नदीत सोडत. आता तसं करू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पण कचऱ्याच्या हातगाडीत टाकायला कोणाचा हात उठत नाही. त्यामुळे निर्माल्याच्या पिशव्या गल्लीतल्या खुंट्यांना लटकत राहायच्या आणि कुजायच्या.

मी तीस वर्षं मुलींना प्राणिशास्त्र शिकवलं. मला वाटलं, हा प्रश्न मला सोडवता येईल. निर्माल्य नावेने पलीकडे न्यायचं, गांडूळखत करायचं. आजोबा घरोघर गेले. त्यांचा शब्द गल्लीत मानतात. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "माझी हमी. एकाही माणसाचा पाय लागणार नाही."

रोज सकाळी घाटाच्या पायरीवर बसून मी दोरे, तारा आणि उदबत्तीच्या काड्या निवडून काढायची. मग आमचे नाववाले टोपल्या पलीकडे न्यायचे. हे नाववाले एकटेच नाव चालवतात, मला माई म्हणतात आणि वर्षानुवर्षं आमच्या घरची कामं करतात. लाल वहीत मी तारीख, टोपल्यांची संख्या, मातीची ओल आणि काही विशेष घडलं असेल तर ते लिहायची.

वाफ्यांना पाणी घालायचं काम एका बाईने घेतलं. तिची झोपडी बाभळींच्या मागेच आहे. नवरा गेल्यापासून ती डुकरं पाळते. तेव्हा तिच्याकडे एक मोठी डुकरीण आणि नऊ पिल्लं होती. ती डुकरीण तिने बाटलीने दूध पाजून वाढवली होती. तिचं सगळं घर त्या एका जनावरावर चालतं. पाणी घालायच्या बदल्यात अर्धं खत तिच्या मिरच्यांना जायचं. पहिल्याच महिन्यात ती म्हणाली, "माताजी, आधी तुमचे देव जेवतात, मग माझ्या मिरच्या. पंगत चांगली आहे."

पौषातल्या एका सकाळी नाववाले रिकाम्या टोपल्या घेऊन परतले. धुकं इतकं होतं की त्यांची नाव पायरीला लागेपर्यंत दिसली नाही.

"माई, पलीकडे म्हातारं माणूस खोकतंय असं वाटलं," ते म्हणाले. "बघायला गेलो तर रानडुक्कर."

"डुक्कर खोकतं?"

"बिडी ओढणाऱ्यासारखं. मी 'कोण आहे' म्हणून हाकसुद्धा मारली."

आम्ही दोघं हसलो. त्याच आठवड्यात सरपतात दोन रानडुकरं मरून पडलेली सापडली, आणि कोणी हसेना.

पलीकडच्या गावात एकच शब्द फिरू लागला: ताप. डुकरांचा एक संसर्गजन्य ताप आहे. त्याला औषध नाही. तो एका ठिकाणी सापडला की आसपासची सगळी पाळीव डुकरं मारून पुरतात. गावात आणखी पाच-सहा घरं डुकरं पाळणारी. बाईची झोपडी मेलेल्या रानडुकरांच्या सर्वांत जवळ, म्हणून सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागले. गावचे प्रधान, म्हणजे आपल्याकडचे सरपंच, तिला म्हणाले, "एकीच्या दहा डुकरांपायी सगळ्या गावाची का घालवायची? तुझी आधी जाऊ देत."

गावात जी सरकारी पशुवैद्य आली, ती माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. रबरी बूट, दोन-दोन हातमोजे, तोंडावर मास्क. तिसरं रानडुक्कर त्या पहाटेच मेलं होतं. तिने ते रेतीवर उघडलं तेव्हा मीही तिथे होते. जरा लांब उभी राहिले, वाऱ्याच्या उलट बाजूला. माझ्या शेजारी बाई, मागे नाववाले, पलीकडे प्रधान आणि गावातले चार जण.

तिने आधी तापाच्या तपासणीसाठी प्लीहेचा तुकडा बाटलीत घालून बाटली बर्फात ठेवली. मग फुप्फुसाचा मागचा, खालचा भाग हातात घेतला आणि श्वासनळीची एक फांदी कात्रीने उभी चिरली. आत पांढरे दोरे होते. बोटाएवढे लांब, एकमेकांत गुंतलेले, शिजवलेल्या शेवयांसारखे. त्यातले काही वळवळत होते.

"फुप्फुसकृमी," ती म्हणाली. "तुम्ही आम्हाला बाटलीत दाखवला होता, बहनजी. त्याचा रंग उडालेला होता."

"फॉर्मेलिनमध्ये उडतोच," मी म्हटलं आणि बाईकडे वळले. "ऐकलंस ना? कृमी आहेत. ताप नाही. तू काळजी करू नकोस."

"थांबा बहनजी." माझी विद्यार्थिनी हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "एक सापडलं म्हणून दुसरं नाही, असं होत नाही. हे तुम्हीच शिकवलंत. रिपोर्ट येईपर्यंत मी काही म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका."

बाईच्या चेहऱ्यावर आलेलं थोडंसं हसू गेलं. ते मी आणलं होतं आणि आणायला नको होतं.

मग विद्यार्थिनीने आणखी एक प्रश्न विचारला. "इतके कृमी म्हणजे यांनी गांडुळं भरपूर खाल्ली असणार. या रेताड जमिनीत, तेही हिवाळ्यात, इतकी गांडुळं आहेत कुठे?"

नाववाल्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. मी काही बोलले नाही.

इथे मी तुम्हाला त्या किड्याचं चक्र सांगते, म्हणजे मी गप्प का राहिले ते कळेल. किडा डुकराच्या फुप्फुसात अंडी घालतो. डुक्कर खोकतं, अंडी घशात येतात, ते गिळतं, आणि अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात. ती अंडी गांडूळ खातं. गांडुळाच्या अंगात त्यांच्या अळ्या होतात आणि तिथेच वाट पाहत राहतात. डुक्कर जमीन उकरतं, गांडूळ खातं आणि अळ्या पुन्हा फुप्फुसात पोचतात. एका डुकराचा किडा दुसऱ्या डुकराला थेट लागत नाही. मधे गांडूळ लागतंच. दर वर्षी मी हे फळ्यावर तीन रंगांच्या खडूने काढायची, बाण दाखवून. मुली म्हणायच्या, बहनजींची आकृती पाठ करायला सोपी असते.

त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, बाई शेवटच्या नावेने आमच्या घाटावर आली. वर घरी ये म्हटलं तर आली नाही. सर्वांत खालच्या पायरीवर बसली.

"माताजी, माझी चार पिल्लं खोकतात," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर लगेच सगळी मारतील. नाही सांगितलं आणि खरंच ताप निघाला, तर गावाची जातील आणि माझ्यामुळे जातील. तुम्ही शिकलेल्या. मी काय करू?"

मी म्हटलं, "उद्या सकाळी मी येते. तोपर्यंत एकही कुठे सोडू नकोस."

"कुठे सोडणार? तुमच्या फुलांपाशीच तर असतात. तुम्हीच म्हणालात, उकरू देत."

"मी म्हणाले?"

"तुम्हीच. वहीत लिहूनसुद्धा घेतलंत."

ती परत गेली. मी घरी येऊन लाल वही उघडली. कार्तिकातलं पान सापडायला वेळ लागला नाही. माझ्याच स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: "पूर्वेकडचा वाफा रानडुकरांनी उकरला. बाईंची पिल्लंही येतात. माती मोकळी होते. हरकत नाही. गांडुळं भरपूर."

फळ्यावरची आकृती मी जमिनीवर काढली होती. ओली माती, भरपूर गांडुळं, त्यात रानडुकरांची विष्ठा आणि शेजारी पिल्लं. जागा निवडताना आम्ही काय पाहिलं? माणसाचा पाय पडणार नाही, एवढंच. कुंपण घालावं असं मला, आजोबांना, गल्लीतल्या एकाही माणसाला सुचलं नाही. निर्माल्याला कोणाचे पाय लागतील याचा विचार करताना आमच्यासमोर फक्त माणसं होती.

हे सांगितलं असतं तर बाईच्या पिल्लांच्या खोकल्याला कारण मिळालं असतं. गाव कदाचित रिपोर्टपर्यंत थांबलं असतं. पण मग गल्लीत काय झालं असतं? देवावरची फुलं डुकरांनी खाल्ली, तुडवली, त्यात लोळली, आणि हे सगळं आजोबांच्या हमीवर. ती गांडुळं माझ्याच वाफ्यांतली, हे मला रेतीवरच कळलं होतं; मी गप्प राहिले ती या विचाराने. भीतीने, असं लिहिलं तरी चालेल.

आजोबा जपमाळ ठेवून उठले तेव्हा मी त्यांच्यासमोर वही धरली. चष्मा लावून त्यांनी ते पान दोनदा वाचलं.

"अगं, पाय लागला नाही असं अजूनही म्हणता येईल," ते म्हणाले. "तोंड लागलं."

मला हसू आलं नाही. त्यांनाही आलं नाही.

"गल्लीत काय सांगायचं?" मी विचारलं.

"हमी मी दिली होती. मी सांगतो. तू पलीकडचं बघ." आणि ते शाल घेऊन तेव्हाच बाहेर पडले. प्रत्येक दारात उभं राहून त्यांनी काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. एका घराने दुसऱ्या दिवसापासून टोपली पाठवणं बंद केलं. त्या घरातले काका अजून आमच्याशी कामापुरतंच बोलतात.

सकाळी मी माझा जुना मायक्रोस्कोप टॉवेलमध्ये गुंडाळून नावेत ठेवला. शाळेने तो मोडीत काढला तेव्हा मी मागून घेतला होता. पलीकडे प्रधान आणि गावातली माणसं बाईच्या झोपडीपाशी आधीच जमली होती; विद्यार्थिनीही पोचली होती. दोघांच्या हातात लाठ्या होत्या. बाई डुकरांच्या खुराड्याच्या दाराला पाठ लावून उभी होती. आतून खोकल्याचा आवाज येत होता आणि तो आता सगळ्यांना ऐकू येत होता.

मी विद्यार्थिनीच्या हातात वही दिली, पान उघडून. म्हटलं, "काल तू विचारलंस, गांडुळं कुठे आहेत. माझ्याकडे आहेत. काल मी सांगितलं नाही."

तिने वाचलं. मग तारीख पुन्हा पाहिली. प्रधानांनी विचारलं काय आहे, तेव्हा मीच सांगितलं. सगळं. कुंपण घातलं नाही, हेसुद्धा.

"म्हणजे माताजींच्या फुलांनी डुकरं मेली," एक जण म्हणाला.

"फुलांनी नाही," मी म्हटलं. "माझ्या चुकीने."

"काशीची फुलं खाऊन मेली म्हणजे थेट मुक्तीच," दुसरा म्हणाला आणि दोघं-तिघं हसले. ते हसू मी मुकाट्याने घेतलं. लाठी धरलेले हात थोडे सैल झाले होते आणि मला तेवढंच हवं होतं.

विद्यार्थिनीने पूर्वेकडच्या वाफ्यातून गांडुळं काढली. एकाचा पुढचा भाग चिरून दोन काचांच्या मधे दाबला आणि मायक्रोस्कोप उन्हाकडे धरला. भिंग वरखाली करत तिने काच सरकवली. मग मला म्हणाली, "बघा."

मी पाहिलं. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळी घातलेली अळी. एक नाही, चार-पाच. हलत होत्या. तीस वर्षं मी जे खडूने काढत आले ते पहिल्यांदा जिवंत पाहिलं, आणि पाहावंसं वाटलं नाही.

प्रधानांनीही डोळा लावला. "हे तर हलतंय," ते म्हणाले आणि मिशी पुसली, जणू काही लागलं होतं.

विद्यार्थिनीने त्यांना समजावलं: पिल्लांना कृमी आहेत हे आता धरून चालता येईल, ताप आहे की नाही हे अजून माहीत नाही. रिपोर्टला चार-पाच दिवस लागतील. तोपर्यंत एकही डुक्कर खुराड्याबाहेर जाणार नाही, बाहेरचं एकही आत येणार नाही. ती सगळ्यांना कृमीचं इंजेक्शन देईल. दहाही जनावरांचं तापमान रोज सकाळ-संध्याकाळ घेऊन लिहायचं. तापाचा रोग असेल तर आकड्यात दिसेल.

"कोण लिहिणार?" प्रधानांनी विचारलं. "ही? हिची डुकरं, ही जो हवा तो आकडा सांगेल."

"मी लिहीन," मी म्हटलं.

"तुमच्यावर तरी का विश्वास ठेवायचा? काल तर तुम्ही गप्प होतात."

बरोबर होतं ते. तेवढ्यात बाई म्हणाली, "आज बोलल्या ना. तुमच्या घरच्या कोणी आजवर असं उभं राहून आपली चूक सांगितली असेल तर त्याला पाठवा लिहायला."

गाव रिपोर्टपर्यंत थांबलं.

पुढचे दिवस मी सकाळची पहिली नाव आणि संध्याकाळची एक नाव धरायची. बाई पिल्लू दोन गुडघ्यांत पकडायची, मी थर्मामीटर वाचायची, वहीत लिहायची. पहिले दोन दिवस सगळे आकडे ठीक होते. तिसऱ्या सकाळी सर्वांत बारक्या पिल्लाचा आकडा चढला. मी थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. तोच आकडा.

बाईला अक्षरं वाचता येत नाहीत, पण आकडे येतात. तिने थर्मामीटरकडे पाहिलं, मग माझ्या पेनकडे. लिहू नका, असं म्हणाली नाही. मी आकडा लिहिला आणि विद्यार्थिनीला फोन केला. पोरांनो, माझ्या लाल वह्यांत हजारो आकडे असतील. हा एक लिहून मी त्याखाली रेघ ओढली, ती अजून त्या पानावर आहे.

दुपारपर्यंत ते पिल्लू मेलं. संध्याकाळी दुसरं. लाठ्या पुन्हा आल्या. विद्यार्थिनी दोन तासांत पोचली आणि सगळ्यांसमोर तिने दोन्ही पिल्लं उघडली. फुप्फुसात तेच पांढरे दोरे, आणि त्यांच्याभोवती पू. "न्यूमोनिया," ती म्हणाली. "दोरे आधीपासून होते, इंजेक्शन उशिरा मिळालं. अंग यानेही तापतं." मग मला एकटीला म्हणाली, "पण बहनजी, खात्री मला नाही."

मोठ्या डुकरिणीचा आकडा त्या संध्याकाळी ठीक होता. पुढच्या सकाळीही. बाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. मी आकडा मोठ्याने सांगितला, म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या माणसांना ऐकू जावा.

पाचव्या दिवशी मी घाटावर टोपल्या धूत होते तेव्हा फोन आला. विद्यार्थिनीने नमस्कारही केला नाही. "ताप नाही," ती म्हणाली. मी पायरीवर बसले. आजोबा वरून पाहत होते. मी हात वर केला, त्यांनीही केला.

बाईला फोन नाही. मी नाववाल्यांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "माई, धुकं आहे." तरी आम्ही निघालो. ती खुराड्यापाशीच होती. सांगितलं तेव्हा तिने फक्त खुराड्याचं दार उघडलं, आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आता काय आहे ते सांगते. वाफे आम्ही मोडले. गांडुळं चुन्यात गेली. हे तुम्हाला आवडणार नाही, मलाही आवडलं नाही. त्या जागेला काट्यांचं कुंपण आहे, कारण आसपासच्या मातीत राहिलेल्या गांडुळांत ती अळी वर्षानुवर्षं राहू शकते. रानडुकरं अजून सरपतात आहेत. त्यांना इंजेक्शन कोण देणार? धुक्याच्या सकाळी कधी कधी तो खोकला नदीवरून अलीकडे ऐकू येतो. निर्माल्य आम्ही आता घरांच्या गच्च्यांवर झाकणाच्या पिंपांत कुजवतो.

डुकरीण चांगली आहे. सात पिल्लं उरली, त्यांतली एक-दोन अजून बारीक आहेत. मी आठवड्यातून एकदा पलीकडे जाते आणि वजनं लिहिते. परवा माझ्या हातात आजोबांचा मफलर घातलेली पिशवी होती. नाव रेतीला लागली, बाईने काठावरूनच पिशवीकडे पाहिलं.

"माताजी, त्यात काय आहे?"

"मफलर. तुझ्यासाठी, थंडीचा."

"उघडून दाखवा," ती म्हणाली.

मी पिशवी उलटी करून झटकली. एक वाळलेली झेंडूची पाकळी पडली. कुठून आली कोण जाणे. तिने वाकून ती उचलली, कपाळाला लावली आणि माझ्या हातात परत दिली.

"ही तुमच्या घरी न्या," ती म्हणाली आणि वजनकाटा आणायला आत गेली.